‘आग्लॅचा’ : अर्थनिर्णय आणि मूल्यनिर्णय

१

‘बेओवुल्फ’ हे ३१८२ ओळींचे प्राचीन इंग्रजी काव्य केवळ एका हस्तलिखितामुळे आजपर्यंत पोहोचले आहे. इसवी सन १००० च्या आसपास नकलून घेतलेले हे हस्तलिखित १७३१ साली लंडनमधील अ‍ॅशबर्नहॅम हाउसला लागलेल्या आगीत होरपळले. त्याच्या पानांच्या कडा जळाल्या आणि पुढे त्या झडत राहिल्या. ग्रिमुर थोर्केलिन या विद्वानाने १७८० च्या दशकात त्याच्या दोन नकला मिळविल्या आणि १८१५ साली कोपनहेगन येथे काव्याची पहिली संपूर्ण छापील आवृत्ती काढली. तेव्हापासून आजतागायत या काव्यातील शब्दांच्या अर्थांविषयी चर्चा चालू आहे. त्यांतील पुष्कळ शब्द केवळ काव्यातच आढळतात. व्यवहाराच्या भाषेत ते कसे वापरले जात होते, हे पडताळून पाहण्याची सोय नाही. अशा शब्दांपैकी सर्वाधिक वादग्रस्त ठरलेला एक शब्द म्हणजे ‘आग्लॅचा’. (यातील ‘चा’ हा मराठी षष्ठीचा प्रत्यय नव्हे, तो मूळ नामाचाच अंत्यावयव आहे.)

वादाचे कारण समजण्यासाठी काव्याचे कथानक थोडक्यात ध्यानात घ्यावे लागते. डेन लोकांचा राजा ह्रोथगार याच्या हेओरोट नावाच्या सभागृहावर ग्रेंडेल नावाचा एक निशाचर बारा वर्षे हल्ले करीत राहतो. समुद्रापलीकडून आलेला गीट जमातीचा तरुण वीर बेओवुल्फ त्याला नि:शस्त्र झुंजीत घायाळ करतो. त्याचा हात खांद्यापासून उखडून काढतो. मुलाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी ग्रेंडेलची आई सभागृहात शिरते आणि राजाचा विश्वासू सल्लागार एश्खेरे याला उचलून नेते. बेओवुल्फ तिच्या जलाशयात उतरून तिचाही वध करतो. पुढे स्वत: राजा होऊन पन्नास वर्षे राज्य केल्यानंतर एका ड्रॅगनशी लढताना त्याला मरण येते, ड्रॅगनही मरतो.

या काव्यात ‘आग्लॅचा’ हा शब्द सुमारे वीस वेळा येतो. १५९ व्या ओळीत तो प्रथम ग्रेंडेलसाठी आला आहे आणि त्यानंतरचे बहुसंख्य उपयोग ग्रेंडेल व ड्रॅगन यांच्यासाठीच आहेत. ५५६ व्या ओळीत बेओवुल्फने समुद्रात मारलेल्या एका जलचरासाठी तो येतो. १२५९ व्या ओळीत ‘आग्लॅच-वीफ’ या सामासिक रूपाने तो ग्रेंडेलच्या आईसाठी येतो. येथवर काही अडचण नाही. शब्दाचा अर्थ ‘राक्षस’ असा घेतला की सारे जुळते. परंतु ८९३ व्या ओळीत हाच शब्द सिगेमुंडसाठी आलेला आहे. सिगेमुंड हा जर्मानिक परंपरेतील थोर वीर. बेओवुल्फच्या पराक्रमाची स्तुती करताना दरबारी कवी त्याचीच कथा गातो. आणि २५९२ व्या ओळीत तर कवीने या शब्दाचे अनेकवचन योजून बेओवुल्फ आणि ड्रॅगन या दोघांचाही एकाच शब्दाने निर्देश केला आहे. काव्याचा नायक आणि त्याचा प्राणघातक शत्रू एकाच नामाच्या छत्राखाली उभे राहतात.

येथे अर्थनिर्णयाचा प्रश्न मूल्यनिर्णयाच्या प्रश्नात मिसळून जातो. ‘आग्लॅचा’ म्हणजे राक्षस असेल, तर कवी आपल्या नायकाला राक्षस म्हणत आहे काय? आणि त्याचा अर्थ वीर असेल, तर ग्रेंडेलला वीर म्हटले गेले आहे काय? एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील संपादकांनी, कोशकारांनी व अनुवादकांनी या प्रश्नांना जी उत्तरे दिली, त्यांचा इतिहास हा एका शब्दाचा इतिहास तर आहेच. पण काव्याचे वाचन कोशाच्या नोंदीत कसे घट्ट होऊन बसते आणि मग तीच नोंद पुढच्या वाचनाला प्रमाण म्हणून कशी दाखवली जाते, याचाही तो इतिहास आहे.

२

प्राचीन इंग्रजीच्या अभ्यासकांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या कोशावर वाढल्या, तो जोसेफ बॉसवर्थ यांनी आरंभलेला आणि टी. नॉर्थकोट टॉलर यांनी १८९८ साली पूर्णत्वास नेलेला कोश. त्यात या शब्दाला अभागी जीव, दुरात्मा, राक्षस आणि उग्र लढवय्या असे अर्थ एकापाठोपाठ एक दिले आहेत. या यादीतील विसंगती स्पष्ट दिसते. पण ती निदान लपवलेली नाही. अर्थांची रांग लावून कोशकाराने निवड वाचकावर सोपवली आहे.

विसंगती मिटवण्याचे काम पुढे फ्रेडरिक क्लेबर यांच्या आवृत्तीने केले. मूळचे जर्मन असलेले क्लेबर १८९३ पासून १९३१ पर्यंत अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शिकवीत होते. त्यांची ‘बेओवुल्फ’ची आवृत्ती १९२२ साली निघाली आणि इंग्रजी जगातील विद्यापीठांत जवळजवळ शतकभर ती आधारभूत मानली गेली. संहितेची चिकित्सा, टीपा, पूर्वसूरींच्या मतांचा परामर्श या सर्व बाबतींत तिची योग्यता वादातीत आहे. या आवृत्तीच्या शेवटी जी शब्दसूची आहे, तीत ‘आग्लॅचा’ या शब्दाच्या नोंदीचे दोन कप्पे केलेले दिसतात. पहिल्या कप्प्यात अभागी जीव, राक्षस, दैत्य, पिशाच असे अर्थ देऊन ते मुख्यत: ग्रेंडेल आणि ड्रॅगन यांच्यासाठी असल्याचे सांगितले आहे. दुसऱ्या कप्प्यात योद्धा, वीर हे अर्थ आहेत आणि त्याखाली सिगेमुंड व बेओवुल्फ यांच्याशी संबंधित मोजक्या ओळींची नोंद आहे. ‘आग्लॅच-वीफ’ची नोंद स्वतंत्र आहे, तिथे अभागी किंवा राक्षसी बाई एवढाच अर्थ मिळतो.

ही विभागणी वरकरणी निरुपद्रवी वाटते. एका शब्दाला दोन अर्थ असणे भाषेला नवीन नाही. प्रश्न असा की, ही विभागणी कोणत्या पुराव्यावर आधारलेली आहे? शब्दाचे रूप दोन्हीकडे तेच आहे. त्याचा विभक्तिविचार तोच आहे. व्युत्पत्तीचा आधार घ्यावा तर तीच अनिश्चित आहे. कोणी त्याचा पूर्वार्ध गॉथिकमधील ‘क्लेश’वाचक शब्दाशी जोडतात, तर कोणी उत्तरार्धाचा संबंध खेळणे, झेपावणे, झुंजणे या अर्थांच्या क्रियापदाशी लावतात. यांपैकी कोणत्याही व्युत्पत्तीतून ‘राक्षस’ आणि ‘वीर’ असे दोन फाटे फुटत नाहीत. मग एखाद्या ओळीतील शब्द कोणत्या कप्प्यात टाकायचा हे ठरते कसे? तर तो कोणाला उद्देशून आला आहे हे पाहून. ग्रेंडेल असेल तर राक्षस. सिगेमुंड असेल तर वीर. ग्रेंडेल हा निव्वळ राक्षस आहे आणि सिगेमुंड निव्वळ वीर आहे, हे आधीच ठरलेले असते. शब्दाचा अर्थ त्या निर्णयाला अनुसरून लावला जातो. त्यानंतर विद्यार्थी काव्य वाचू लागतो, शब्द अडला की सूची उघडतो, तिथे ‘राक्षस’ हा अर्थ पाहतो आणि कवीनेच ग्रेंडेलला राक्षस म्हटले आहे असे समजतो. भारतीय तर्कपरंपरेत ज्याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात, त्याचे हे निखळ उदाहरण आहे. काव्याच्या अर्थासाठी सूचीचा आधार आणि सूचीसाठी काव्याच्या पूर्वनिश्चित अर्थाचा आधार. दोघे एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत.

क्लेबर यांना दोष देण्यात अर्थ नाही. शब्दसूची करणाऱ्याला प्रत्येक ओळीपुढे काहीतरी लिहावेच लागते. मौन पाळण्याची मुभा त्याला नसते. परंतु सूचीतील नोंद ही समीक्षेचाच एक प्रकार आहे, आणि ती समीक्षेच्या वेशात न येता माहितीच्या वेशात येते म्हणून तिचा प्रभाव समीक्षेपेक्षा अधिक खोल असतो, एवढे तरी यातून लक्षात घ्यायला हवे.

३

दोन कप्प्यांची ही रचना कोठे मोडते, हे काव्यातील दोन ओळी स्पष्ट करतात.

पहिली २५९२ वी. येथे शब्द अनेकवचनी आहे आणि तो एकाच वेळी बेओवुल्फ व ड्रॅगन यांना लागू होतो. दोन कप्पे मानायचे तर एकाच शब्दाचा अर्धा अर्थ पहिल्या कप्प्यातून आणि अर्धा दुसऱ्या कप्प्यातून घ्यावा लागेल. अनेकवचनाचा स्वभावच असा की, ज्यांना ते एकत्र बांधते त्यांच्यात समान असलेला धर्म ते सांगते. ‘ते दोघे आग्लॅचा पुन्हा भिडले’ या आशयाचे विधान कवी करतो, तेव्हा दोघांनाही लागू पडेल असा एक अर्थ श्रोत्यांच्या मनात असला पाहिजे. असे सामाईक अनेकवचन काव्यात एकाकी नाही. ग्रेंडेल आणि बेओवुल्फ यांच्या झुंजीत, ७७० व्या ओळीत, कवी त्या दोघांना मिळून घराचे उग्र रक्षक असे संबोधतो. वस्तुत: घराचे रक्षण एकच जण करीत आहे आणि दुसरा ते उद्ध्वस्त करायला आला आहे. तरीही झुंजीच्या ऐन क्षणी कवीला दोघांमधील भेदापेक्षा त्यांचे साम्य दिसते.

दुसरी ओळ १५१२ वी. बेओवुल्फ ग्रेंडेलच्या आईच्या जलाशयात उतरला आहे आणि जलचर त्याच्या चिलखतावर सुळ्यांनी प्रहार करीत आहेत. येथे ‘आग्लॅचन’ असे रूप येते. या वर्गातील नामांचे द्वितीयेचे एकवचन आणि प्रथमेचे अनेकवचन दिसायला सारखेच असते. त्यामुळे वाक्याचे दोन अन्वय संभवतात : जलचरांनी आग्लॅचाचा, म्हणजे बेओवुल्फचा, पाठलाग केला, किंवा आग्लॅचा, म्हणजे ते जलचर, पाठलाग करीत होते. व्याकरण दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. संपादकाला यांतील एक निवडावी लागते आणि निवड करताना तो व्याकरणाकडून नव्हे, स्वत:च्या नायककल्पनेकडून उत्तर घेतो. नायकाला हा शब्द शोभत नाही असे वाटले की जलचर ‘आग्लॅचा’ ठरतात. शोभतो असे वाटले की बेओवुल्फ.

‘बेओवुल्फ’च्या बाहेरचा पुरावा दोन्ही दिशांना ओढतो. प्राचीन इंग्रजीतील धार्मिक काव्यांत हा शब्द अनेकदा सैतानासाठी किंवा त्याच्या दूतासाठी येतो. संत ज्युलियानाच्या कथाकाव्यात तिला भुलवायला आलेला सैतानी दूत ‘आग्लॅचा’ आहे; ‘क्राइस्ट अँड सेटन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काव्यात तो शब्द खुद्द सैतानाला लावलेला आहे. ख्रिस्ती श्रोत्यांच्या कानांत या शब्दाला नरकाचा प्रतिध्वनी होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु याउलट एक गद्य पुरावाही आहे आणि तो फार मोलाचा आहे. इसवी सन १०११ च्या सुमारास रॅमझी येथील मठातील बिर्टफर्थ या भिक्षूने कालगणनेवर एक हस्तपुस्तिका लिहिली. तीत आठव्या शतकातील विद्वान, इंग्लंडच्या धर्मेतिहासाचा लेखक बीड याचा उल्लेख करताना त्याने त्याला ‘आग्लॅचा’ गुरू असे म्हटले आहे. बिर्टफर्थच्या मठातील परंपरेत बीड हा आदराचा परमोच्च विषय होता. त्याला कोणी राक्षस म्हणणार नाही, आणि तो तलवार घेऊन लढलेला योद्धाही नव्हता. त्याच्या विद्वत्तेपुढे मनाची जी अवस्था होते, जो धाक आणि जो आदर एकाच वेळी वाटतो, तो सांगण्यासाठी बिर्टफर्थला हा शब्द योग्य वाटला. ‘बेओवुल्फ’ची एकमेव प्रत ज्या पिढ्यांत नकलली गेली, त्याच काळाच्या आसपासचा हा उपयोग आहे.

सैतान, ग्रेंडेल, ड्रॅगन, सिगेमुंड, बेओवुल्फ आणि बीड : ही यादी एका नैतिक वर्गात बसत नाही. या सर्वांमध्ये जे समान आहे, ते त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अनुभवात आहे. तो थरारतो; मागे सरावेसे वाटते, पण नजर हटत नाही. हा शब्द ज्याला लावला आहे त्याच्या चारित्र्याविषयी काही सांगत नाही. त्याला सामोरे जाणाऱ्यावर होणाऱ्या परिणामाविषयी सांगतो.

४

हा निष्कर्ष एकदम निघालेला नाही. १९३६ साली ब्रिटिश अकादमीपुढे दिलेल्या व्याख्यानात जे. आर. आर. टोल्किन यांनी ‘बेओवुल्फ’मधील राक्षस हे काव्याचे वैगुण्य नसून त्याचे केंद्र आहेत, असे प्रतिपादन केले. त्याआधी या काव्याकडे इतिहासाच्या व पुराणकथांच्या अवशेषांची खाण म्हणून पाहणारे विद्वान राक्षसांना बालिश समजत असत. टोल्किन यांच्या मांडणीमुळे राक्षस महत्त्वाचे झाले. साहजिकच त्यांना उद्देशून वापरलेल्या शब्दांकडेही लक्ष गेले.

१९६१ साली डोरीन गिलम यांनी नेमक्या ८९३ आणि २५९२ या ओळींवर एक लेख लिहिला. या शब्दाभोवती असलेले भयप्रद, मानवेतर सूचितार्थ वीरांच्या संदर्भात पुसून टाकू नयेत, कारण कवीला वीरांच्या बाबतीतही तेच अभिप्रेत आहेत, असा त्यांचा रोख होता. म्हणजे दुसऱ्या कप्प्यातील ‘वीर’ हा अर्थ त्यांना फार सौम्य वाटत होता. ड्रॅगनशी लढणारा माणूस ड्रॅगनच्या जगाचा थोडा अंश अंगी घेऊनच लढतो, हे या वाचनाचे सूत्र म्हणता येईल.

१९७९ साली शर्मन कून यांनी नेमकी उलट दिशा धरली. हा शब्द मध्य आयरिशमधील तरुण योद्ध्याचा वाचक असलेल्या ‘ओक्लाख’ या शब्दाच्या शेजारी ठेवून त्यांनी लढवय्या, धोकादायक प्रतिस्पर्धी, निकराने झुंजणारा असा एकच अर्थ सर्वत्र लावून पाहिला. राक्षसत्व हा अर्थ त्यांना पहिल्या कप्प्यातही अनावश्यक वाटला. त्या न्यायाने ग्रेंडेलची आई ही त्यांच्या लेखी फक्त एक लढवय्यी स्त्री ठरते. आयरिश शब्दाशी जोडलेला संबंध सर्वांना पटला असे नाही. परंतु एका शब्दाला एक अर्थ देऊन पाहण्याचा त्यांचा आग्रह परिणामकारक ठरला.

टोरॉन्टो विद्यापीठात १९७० साली आरंभलेल्या प्राचीन इंग्रजीच्या नव्या कोशाने १९९० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या आद्याक्षराच्या भागात या शब्दाचे दोन कप्पे मोडून काढले आणि भयचकित करणारा प्रतिस्पर्धी, उग्र लढवय्या असा एकसंध अर्थ दिला. २००८ साली रॉबर्ट फुल्क, रॉबर्ट ब्यॉर्क आणि जॉन नाइल्स यांनी सिद्ध केलेल्या क्लेबरच्या आवृत्तीच्या चौथ्या संस्करणातही धाक वा क्लेश उत्पन्न करणारा, प्रतिस्पर्धी, झुंजणारा अशा व्यापक अर्थांना स्थान मिळाले. ज्या ग्रंथाने विभागणी रूढ केली, त्याच ग्रंथाच्या पुढील अवतारात ती सैल झाली, ही घटना कोशपरंपरेच्या आत्मपरीक्षणाची द्योतक मानावी लागते.

५

तरीही या साऱ्या वादात खऱ्या अर्थाने पणाला लागते ती ग्रेंडेलची आई. ग्रेंडेलला किंवा ड्रॅगनला राक्षस म्हटल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. काव्यात त्यांच्याविषयी इतरही पुष्कळ सांगितले आहे. ग्रेंडेलला केनचा वंशज आणि देवाचा शत्रू म्हटले आहे. त्याच वेळी पुरुषवाचक साध्या शब्दांनीही त्याचा उल्लेख येतो. ग्रेंडेलच्या आईला मात्र काव्याने नावसुद्धा दिलेले नाही. तिची पहिली ओळख जिथे घडते, तिथे १२५९ व्या ओळीत दोन शब्द एकमेकांना खेटून येतात. त्यांतला दुसरा ‘आग्लॅच-वीफ’. पहिला ‘इडेस’. हा प्रतिष्ठित स्त्रीसाठी वापरला जाणारा काव्यभाषेतील शब्द आहे. याच काव्यात तो ह्रोथगारच्या राणीसाठी, वेआल्थेओसाठी, आलेला आहे. ‘वीफ’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ केवळ स्त्री. पत्नी हा संकोच नंतरचा.

‘इडेस’ या शब्दाशेजारी ‘राक्षसी बाई’ हा अर्थ ठेवला की वाक्यात एक विचित्र ठेच लागते : कुलीन स्त्री, राक्षसी बाई. अनेक अनुवादकांनी ही ठेच टाळण्यासाठी पहिला शब्द फिका केला आणि दुसरा गडद केला. शेमस हीनी यांच्या १९९९ च्या गाजलेल्या अनुवादातही या जागी राक्षसत्वाबरोबर नरकाचा उल्लेख येतो, जो मूळ शब्दांत नाही. हीनी हे भाषेच्या बाबतीत अत्यंत सावध कवी होते; तरीही शतकभराच्या शब्दसूचीचे वजन त्यांच्या पारड्यात पडलेले दिसते. केव्हिन कीर्नन यांनी १९८४ साली आणि क्रिस्टीन अल्फानो यांनी १९९२ साली या प्रतिमेची फेरतपासणी केली. २०२० साली मारिया डहवाना हेडली यांनी आपल्या अनुवादाच्या प्रास्ताविकात या शब्दाच्या असमान भाषांतराचा प्रश्न उघडपणे मांडला आणि ग्रेंडेलच्या आईला लढवय्यी म्हणून उभे केले.

असमानता खरोखर डोळ्यांत भरणारी आहे. सिगेमुंडसाठी शब्द आला की ‘वीर’ हा पर्याय उपलब्ध होता. बेओवुल्फसाठी आला की तो पर्याय उपलब्ध होता. ‘आग्लॅच-वीफ’ या रूपासाठी मात्र तो विचारातसुद्धा घेतला गेला नव्हता. आणि तिचे कृत्य काय? तिच्या एकुलत्या एका मुलाला मारले गेले; त्याचा हात शत्रूच्या सभागृहात विजयचिन्ह म्हणून मिरवला गेला. त्या समाजाच्या रक्तवैराच्या नियमाने तिने एका जिवाच्या बदल्यात एकच जीव घेतला आणि मुलाचा हात परत नेला. ग्रेंडेलची हत्याकांडे बारा वर्षे चालली होती. हिने एक रात्र निवडली. वीरसमाजातील कोणताही पुरुष असा वागला असता, तर त्याच्या कर्तव्यबुद्धीविषयी कोणाला शंका आली नसती.

परंतु येथे उलट टोकाला जाण्याचा मोहही टाळला पाहिजे. शब्दातून ‘राक्षसी’ काढून ‘वीरांगना’ भरली, तर क्लेबर यांनी जे केले तेच उलट्या बाजूने होईल. काव्यात तिला समुद्रातली लांडगीही म्हटले आहे, आणि शापित जलवासिनीही. तिच्या अस्तित्वाभोवतीचा थंड, पाणथळ भयाचा वेढा कवीने कोठेही सैल केलेला नाही. काव्य तिच्याविरुद्ध निवाडा देते, यात संशय नाही. फक्त तो निवाडा ‘आग्लॅच-वीफ’ या शब्दातून दिलेला नाही. तो इतर शब्दांतून, प्रसंगांच्या मांडणीतून, ख्रिस्ती दृष्टीच्या चौकटीतून दिला आहे. हा शब्द तिच्या बाजूनेही बोलत नाही आणि विरुद्धही बोलत नाही. ती भयंकर आहे एवढेच तो सांगतो. आणि ज्या भयंकरपणाने ती उभी आहे, तोच भयंकरपणा तिच्याकडे पोहत येणाऱ्या माणसाच्याही अंगी आहे, याची आठवण तो ठेवतो.

६

मराठी वाचकाला या वादाचे आकलन इंग्रजी वाचकापेक्षा अधिक सहज व्हावे, अशी परिस्थिती आहे. तुलनेसाठी प्रथम ‘असुर’ हा शब्द आठवतो. ऋग्वेदात तो वरुणादी देवांचे सामर्थ्य दाखवणारे आदराचे विशेषण आहे. उत्तरकालीन वाङ्मयात तो देवांच्या शत्रूंचा वाचक झाला. पण ही तुलना फार दूर जात नाही. ‘असुर’ शब्दाचे दोन अर्थ काळाच्या ओघात एकमेकांपासून दूर गेलेले आहेत. कोशकार त्यांची कालक्रमाने मांडणी करू शकतो. ‘आग्लॅचा’ या शब्दाच्या बाबतीत ती सोय नाही. एकाच काव्यात, इतकेच काय एकाच ओळीत, तो दोन्ही बाजूंना उभा आहे.

अधिक जवळचा शब्द ‘भीम’ हा आहे. पाणिनीने ‘भीम’ आदी शब्द अपादानाच्या अर्थी सिद्ध होतात असे सूत्र केले आहे (अष्टाध्यायी ३.४.७४). भीम म्हणजे ज्यापासून भय वाटते तो. व्याकरणकाराने येथे शब्दाचा अर्थ भिणाऱ्याच्या जागेवरून केला आहे. ज्याला भ्यावे तो चांगला की वाईट, या प्रश्नाला सूत्रात जागा नाही. म्हणूनच हाच शब्द एकीकडे घोर, दारुण यांच्या पंक्तीत बसतो आणि दुसरीकडे हिडिंब व बकासुर यांना मारणाऱ्या पांडवाचे नाव होतो. रामदासांच्या मारुतिस्तोत्राचा आरंभ याच शब्दाने होतो आणि घरोघरची मुले ते स्तोत्र भय घालवण्यासाठी म्हणतात. ‘भीम’ शब्दाचे ‘राक्षस’ आणि ‘वीर’ असे दोन कप्पे करावेत असे मराठी कोशकाराला सुचणार नाही. कारण त्याच्या कानाला हा शब्द एकच वाटतो. ‘उग्र’ आणि ‘रौद्र’ यांचीही तीच गोष्ट.

‘बेओवुल्फ’ मराठीत आणू पाहणाऱ्याने या शब्दासाठी ‘राक्षस’ हा सोपा पर्याय घेतला, तर इंग्रजीतील एका जुन्या चुकीची नक्कल त्याच्या हातून होईल, आणि तीही आपल्या भाषेत त्याहून चांगला शब्द हाताशी असताना. याउलट सर्वत्र ‘भीम’ किंवा ‘उग्र’ वापरले, तर २५९२ व्या ओळीत दोन भीम एकमेकांना भिडतील आणि १२५९ व्या ओळीत एक कुलीन, उग्र स्त्री आपल्या दु:खाचा विचार करीत बसलेली दिसेल. मूळ काव्याच्या श्रोत्यांना बहुधा तेच दिसत असावे.

शब्दकोश हा वाचकाला काव्यापर्यंत नेणारा दरवाजा आहे आणि त्याची उंची कोशकार ठरवतो. ‘आग्लॅचा’ या शब्दाच्या नोंदीत एकेकाळी तो दरवाजा इतका ठेंगणा केला गेला की, त्यातून आत जाताना ग्रेंडेलच्या आईला मान वाकवावी लागली आणि बेओवुल्फ मात्र ताठ मानेने आत गेला. काव्याने दोघांसाठी एकच उंची ठरवली होती. तिची पुनर्मोजणी करायला अभ्यासकांना जवळजवळ एक शतक लागले. या शतकभराच्या खटपटीचे फलित एका ओळीत सांगता येईल : हा शब्द कोणावर निकाल देत नाही. निकाल द्यायचाच असेल तर तो वाचकाने स्वत:च्या नावावर द्यावा. कवीच्या शब्दाआड दडून देऊ नये.